आधी पाणी, मग पॅनेल: कोकणातल्या महाविद्यालयाचा कारभार निसर्गाला धरून कसा चालवावा

कोकणातल्या बहुतेक महाविद्यालयांत हरित परीक्षणाचा एक अहवाल असतो. आवाराचे फोटो, झाडांची यादी, ट्यूबलाइटची संख्या, सगळे त्यात असते. महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅक या राष्ट्रीय परिषदेसाठी तो तयार होतो आणि कपाटात जातो. एप्रिल उजाडला की त्याच इमारतीत टँकर येतो, कॅंटीनमागे कचरा पेटतो आणि रिकाम्या वर्गात पंखे फिरत राहतात. अहवालातले आकडे खोटे नसतात. पण बिल भरणारा अकाउंटंट, पंप चालू करणारा शिपाई आणि वेळापत्रक लावणारे उपप्राचार्य यांच्या रोजच्या कामाशी त्यांचा संबंध जोडलेला नसतो. पुढची पद्धत हा संबंध जोडण्यासाठी आहे. हिशेब समजायला सोपा जावा म्हणून ८०० विद्यार्थ्यांचे, लहान वसतिगृह असलेले अनुदानित महाविद्यालय डोळ्यांसमोर ठेवले आहे. विद्यापीठ मोठे असले तरी प्रत्येक विभागाला हाच क्रम लागू पडतो.

कामांचा क्रम बाहेरून उसना घेऊ नका. इंडोनेशिया विद्यापीठाने २०१० मध्ये सुरू केलेली यूआय ग्रीनमेट्रिक ही विद्यापीठांची क्रमवारी बरीच वर्षे ऊर्जा आणि हवामानाला २१ टक्के गुण देत आली, कचरा, वाहतूक आणि शिक्षण यांना प्रत्येकी १८, आवाराला १५ आणि पाण्याला १०. जगभरच्या संस्थांना एकाच मापाने मोजायचे तर अशी काहीतरी वाटणी करावीच लागते. पण जिथे चार महिन्यांत ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि मे महिन्यात विहीर तळ गाठते, तिथे पाणी सगळ्यात खाली ठेवून चालणार नाही. आपल्याकडे आधी पाणी, मग वीज, मग कचरा. सौर पॅनेल फोटोत छान दिसतात म्हणून ती पहिल्यांदा घेतली जातात आणि गळके नळ तसेच राहतात.

पहिला महिना मोजण्याचा

मागच्या १२ महिन्यांची वीजबिले काढा. प्रत्येक बिलातून युनिट, मंजूर भार, नोंदलेली कमाल मागणी आणि पॉवर फॅक्टर एका तक्त्यात उतरवा. लहान जोडणीच्या बिलावर शेवटच्या दोन गोष्टी नसतील, तर सोडून द्या. त्याच तक्त्यात गॅस सिलिंडर, जनरेटरचे डिझेल, टँकरच्या पावत्या आणि कागदाची रिमे लिहा. हे सगळे अकाउंट विभागात आधीच असते, फक्त एकत्र केलेले नसते.

पाण्याला मात्र बहुधा मीटरच नसतो. निदान दोन बसवा, एक पंपाच्या डिलिव्हरी लाइनवर आणि दुसरा वसतिगृहाकडे जाणाऱ्या लाइनवर. भारतीय मानकानुसार दिवसा चालणाऱ्या शिक्षणसंस्थेला माणशी रोज ४५ लिटर आणि वसतिगृहाला १३५ लिटर पाणी धरतात. तुमचा आकडा याच्या दीडपट आला तर ते पाणी कोणी वापरत नाही, ते गळते.

गळतीची परीक्षा अगदी स्वस्तात होते. शनिवारी संध्याकाळी गच्चीवरची टाकी भरून पंप बंद करा आणि पातळीला खूण करा. सोमवारी सकाळी पुन्हा बघा. २ मीटर बाय २ मीटर टाकीत १ सेंटिमीटर उतार म्हणजे ४० लिटर. रविवारी आवारात कोणी नसताना पातळी २५ सेंटिमीटर उतरली असेल, तर १,००० लिटर पाणी कमोडच्या टाक्यांतून आणि भिंतीतल्या जुन्या जीआय पाइपांतून गेले. कमोडच्या टाकीत चिमूटभर खाण्याचा रंग टाका. फ्लश न करता १५ मिनिटांत रंग भांड्यात उतरला तर आतले रबरी वॉशर गेले आहे.

कचरा सलग सात दिवस लटकत्या काट्यावर तोला: ओला, सुका, कागद, आणि मुलींच्या स्वच्छतागृहातला वेगळा. तो आठवडा गॅदरिंगचा किंवा परीक्षेचा नको, नाहीतर वर्षभराचे आकडे चुकतील. या मोजणीला मनुष्यबळ कुठून आणायचे हा प्रश्न पडू नये. पर्यावरण अभ्यास पदवीला सक्तीचा विषय आहे आणि त्याचा प्रकल्प विद्यार्थ्यांना द्यावाच लागतो. ओझोनच्या थरावरची माहिती इंटरनेटवरून उतरवून आणण्यापेक्षा एका गटाने एका मजल्याचे नळ, एका गटाने एका विंगचे पंखे मोजावेत. त्यांना गुण मिळतात, तुम्हाला दरवर्षी ताजे आकडे मिळतात.

ठराव आणि बचतीचे खाते

समितीत सात-आठ माणसे पुरेत, पण त्यांत अकाउंटंट, वायरमन-प्लंबरची कामे बघणारा शिपाई, कॅंटीनचालक आणि वसतिगृहाच्या रेक्टर हव्यातच. फक्त प्राध्यापकांची समिती निबंध स्पर्धा उत्तम घेते, पण व्हॉल्व्ह कुठे आहे हे तिला माहीत नसते.

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ नुसार प्रत्येक संलग्न महाविद्यालयात महाविद्यालय विकास समिती असते. तिच्याकडून तीन ओळींचा ठराव करून घ्या. वीज, गॅस आणि टँकर यांत झालेली बचत स्वतंत्र खाते-शीर्षाखाली जमा होईल. ठरावीक रकमेपर्यंतच्या दुरुस्त्या समिती वेगळ्या मंजुरीशिवाय करेल. आणि या खात्यातले पैसे दुसरीकडे वळवले जाणार नाहीत. तिसरी ओळ सगळ्यात महत्त्वाची. अनुदानित महाविद्यालयाला सरकार पगार देते, पंपाचे सील बदलायचे पैसे संस्थेच्या तिजोरीतून येतात आणि ती तिजोरी नेहमीच ओढगस्तीला असते. बचत सर्वसाधारण खात्यात मिसळली की पुढचे काम थांबते.

बचत काढताना याच महिन्याची मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी तुलना करा. मार्चची जूनशी तुलना केली तर परीक्षा, सुट्टी आणि पाऊस यांचाच फरक दिसेल. मधल्या काळात नवी संगणक प्रयोगशाळा सुरू झाली असेल तर तिचे युनिट आधी बाजूला काढा.

देणग्यांबद्दल एक स्पष्ट मत. एकदाच भांडवल देणारे आपल्याकडे मिळतात: आमदार निधी, माजी विद्यार्थी, एखाद्या कंपनीचा सीएसआर. देखभालीला कोणी पैसे देत नाही. म्हणून वार्षिक देखभालीचा खर्च कोणत्या खात्यातून येणार आणि यंत्राची जबाबदारी कोणत्या पदावरच्या माणसाकडे राहणार, हे लिहून झाल्याशिवाय यंत्र स्वीकारू नका. बंद पडलेला बायोगॅस आणि गंजलेला सौरदिवा पुढच्या प्रत्येक प्रस्तावाला विरोध करायला कारण पुरवतो.

पाणी: छपरापासून मे महिन्यापर्यंत

गळती आधी थांबवा, मग साठवा. वॉश बेसिनच्या जुन्या नळांना जाळीचे एरेटर लावले तर मिनिटाला १० लिटरच्या वर जाणारा प्रवाह निम्म्याखाली येतो. विहिरीच्या पाण्यात बारीक माती असते. ती जाळी महिन्याला काढून धुतली नाही तर धार बारीक होते, आणि मग कोणीतरी एरेटरच काढून टाकतो.

कोकणात स्लॅब गळतो म्हणून त्यावर पत्र्याची शेड घातलेली असते. पाऊस गोळा करायला यापेक्षा चांगले छप्पर नाही. १ चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर पाणी. ५०० चौरस मीटरच्या पत्र्यावर ३,००० मिलिमीटर पाऊस पडला आणि त्यातले ८० टक्के हाती लागले तरी वर्षाला १२ लाख लिटर होतात. म्हणजे पावसाची कमतरता नाही, साठ्याची आहे. ८०० विद्यार्थ्यांना ४५ लिटरने रोज ३६,००० लिटर लागतात. साठ दिवसांचे ते सगळे पाणी साठवायचे तर २१ लाख लिटरच्या वरची टाकी लागेल, आणि ती परवडणार नाही. पण पिण्याचे पाणी माणशी ३ लिटर धरले तर साठ दिवसांना १,४४,००० लिटर पुरतात. दीड लाख लिटरची झाकलेली टाकी हे लक्ष्य गाठण्यासारखे आहे. एकदम जमत नसेल तर फेरोसिमेंटच्या ५०,००० लिटरच्या तीन टाक्या तीन वर्षांत बांधा.

दुसरा उपयोग त्याहून सोपा आहे. जून ते सप्टेंबर स्वच्छतागृहांना थेट पावसाचे पाणी द्या. त्याला २०,००० लिटरची टाकी पुरते, कारण ती दर दोन दिवसांनी आपोआप भरते. त्या चार महिन्यांत विहिरीवरचा पंप फार कमी चालतो.

बांधकामातली नेहमीची चूक उभ्या पाइपांची. ताशी १०० मिलिमीटरचा पाऊस इथे दरवर्षी काही वेळा तरी येतो. अशा पावसात १०० मिलिमीटर व्यासाच्या एका उभ्या पाइपाने साधारण ४० चौरस मीटर छप्पर धरावे, असे राष्ट्रीय इमारत संहितेचे कोष्टक सांगते. म्हणजे ५०० चौरस मीटरला बारा पाइप. प्रत्यक्षात चार बसवलेले असतात, आणि जुलैमध्ये पन्हळी भरून वाहतात, भिंतीला ओल येते आणि दोष पावसाच्या पाण्याच्या योजनेवर येतो. पाइप वाढवायला जागा नसेल तर व्यास १५० मिलिमीटर करा. पन्हळीला दर १० मीटरला निदान ५ सेंटिमीटर उतार द्या.

पहिले पाणी टाकायचेच. मेअखेर पत्रा झाडून घ्या, मृगाच्या पहिल्या दोन-तीन सरी पूर्ण बाहेर सोडा. त्यानंतर उघडीप पडून पुन्हा पाऊस आला की दर वेळी पहिले २ मिलिमीटर, म्हणजे ५०० चौरस मीटरला १,००० लिटर, वेगळ्या पाइपातून बाहेर जायला हवेत. हा व्हॉल्व्ह गच्चीवर ठेवू नका. पावसात तिथे कोणी चढत नाही. जमिनीपासून ४ फुटांवर ठेवा आणि त्याच्यावर तेलरंगाने "पहिले पाणी" असे लिहा.

विहीर पुनर्भरण करायचे की नाही हे जागेवर ठरते. सड्यावरच्या, म्हणजे माथ्यावरच्या सपाट कातळावरच्या जांभ्यात पाणी भराभर मुरते आणि तितक्याच भराभर उतारावरच्या झऱ्यांतून निघून जाते. ऑगस्टमध्ये सड्यावरच्या विहिरीत सोडलेले पाणी एप्रिलमध्ये तिथे सापडत नाही. महाविद्यालय सड्यावर असेल तर पैसे टाकीत घाला. पायथ्याला किंवा खाचरांच्या कडेला असेल तर पुनर्भरण फायद्याचे. पण पाणी थेट विहिरीत सोडू नका. दीड मीटर खोल खड्ड्यात खाली मोठे दगड, मध्ये खडी, वर वाळूचा एक फुटाचा थर घाला, आणि वरची वाळू दरवर्षी मेमध्ये धुऊन घ्या. आवारात जुनी चिरेखाण असेल तर तिला कुंपण घाला आणि साठवण तळे म्हणून वापरा. पिण्यासाठी नाही, बागेसाठी आणि बांधकामासाठी.

वनराई बंधारा एनएसएसचे आवडते काम आहे. तो योग्य वेळी बांधला तर फार उपयोगी पडतो. सात दिवसांचे विशेष शिबिर डिसेंबरअखेर ठेवतात तोवर पऱ्याचा, म्हणजे ओढ्याचा प्रवाह जवळजवळ संपलेला असतो. हे शिबिर दिवाळीच्या सुट्टीत घ्या. सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती-वाळू भरा, तोंड शिवा, विटांसारखे सांधे बदलत रचा. उंची मीटरभर ठेवा, पाण्याच्या बाजूने चिकणमातीचा लेप द्या, ग्रामपंचायत आणि जमीनमालकाची संमती आधी घ्या. मेअखेर त्या गोण्या काढून आणा. हे बहुतेक ठिकाणी राहून जाते आणि पहिल्या पुरात सगळे प्लास्टिक खाडीत जाते.

पिण्याच्या पाण्यासाठी आरओ यंत्र घेण्याआधी विरघळलेले क्षार दाखवणाऱ्या टीडीएस मीटरने विहिरीचे पाणी मोजा. जांभ्यातल्या पाण्यात क्षार मुळातच कमी असतात. ३०० च्या खाली आकडा आला तर आरओची गरज नाही. ते यंत्र एक लिटर पाणी देण्यासाठी दोन-तीन लिटर फेकून देते. गाळणी आणि यूव्ही पुरे. खाडीलगतच्या विहिरींची गोष्ट वेगळी. त्या मेमध्ये मचूळ होतात, म्हणून मोजणी मेमध्येच करा. खरी भीती जंतूंची. जांभ्याच्या भेगांतून शोषखड्ड्याचे पाणी विहिरीपर्यंत पोचू शकते. सेप्टिक टँक आणि शोषखड्डा विहिरीपासून १५ मीटरपेक्षा जितका लांब तितका बरा, आणि उताराच्या खालच्या बाजूलाच हवा. जून, ऑगस्ट आणि नोव्हेंबरमध्ये जंतू दाखवणाऱ्या एचटूएस बाटलीने तपासा. दोन दिवसांत पाणी काळे पडले तर विहिरीत क्लोरीन टाका आणि आरोग्य विभागाच्या प्रयोगशाळेत नमुना पाठवा.

वीज: पंखा वसतिगृहाचा आधी, वर्गाचा नंतर

जुना पंखा ७०-७५ वॉट घेतो, कमी विजेच्या मोटरचा बीएलडीसी पंखा ३० च्या आसपास. फरक ४५ वॉट. वसतिगृहातला पंखा रोज १४ तास चालला तर दिवसाला ०.६३ युनिट वाचते. तीन तास भरणाऱ्या वर्गात फक्त ०.१३५. म्हणून सगळे पंखे एकदम बदलायचा मोह आवरा. वसतिगृह, ग्रंथालय, कार्यालय, मग वर्ग असा क्रम ठेवा. पहिल्या टप्प्याच्या बचतीतून दुसरा करा. साध्या भिंतीवरच्या बटणाने वेग बदलणारे पंखे घ्या, रिमोट महिन्याभरात हरवतात. खाऱ्या दमट हवेत आणि वीज जाण्या-येण्यात या पंख्यांचे सर्किट जळते, तेव्हा शंभर पंख्यांमागे पाच सुटे सर्किट खरेदीच्या ऑर्डरमध्येच लिहून घ्या.

हे झाल्यावर सौर. आधी वापर कमी केला तर लहान संच पुरतो. १ किलोवॉटला साधारण १० चौरस मीटर जागा लागते आणि वर्षाला १,४०० युनिटांच्या आसपास वीज मिळते. कोकणात ती वर्षभर सारखी नसते. जुलै-ऑगस्टमध्ये उन्हाळ्याच्या निम्मी किंवा त्याहून कमी. विक्रेता रोजची चार युनिटे सांगेल, ती सरासरी आहे. महिन्यावार तक्ता मागा.

नेट मीटरिंगचे, म्हणजे तयार केलेली वीज वापरातून वजा करण्याच्या सोयीचे, आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होते, आणि हे महाविद्यालयांच्या फायद्याचे आहे. एप्रिल-मेमध्ये ऊन भरपूर आणि वापर कमी, तेव्हा शिल्लक युनिटे महावितरणच्या खात्यात जमा होतात आणि पावसाळ्यातल्या तुटीत वळती होतात. ३१ मार्चला उरलेल्या युनिटांचा दर मात्र कमी मिळतो. म्हणून वर्षाच्या वापरापेक्षा मोठा संच बसवू नका. तुमचा मीटर वेळेनुसार दर लावणारा असेल तर दुपारची युनिटे कोणत्या वेळेच्या वापरातून वजा होतील हे करारापूर्वी लेखी घ्या.

सगळ्यात जास्त लक्ष सांगाड्याकडे द्या. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले, त्याच्या पुढच्याच मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याजवळून गेले. नुसत्या सिमेंटच्या ठोकळ्यांच्या वजनावर उभी केलेली पॅनेल अशा वाऱ्यात धोक्याची. पत्र्याच्या शेडवर बसवायची असतील तर पट्ट्या पत्र्याला नव्हे, खालच्या लोखंडी कैच्यांना आणि त्यांवरच्या आडव्या दांड्यांना (पर्लिन) बांधल्या पाहिजेत, आणि त्या कैच्या वजन पेलतील की नाही हे स्ट्रक्चरल इंजिनिअरने वाऱ्याच्या भाराच्या मानकाप्रमाणे, आयएस ८७५ च्या तिसऱ्या भागाप्रमाणे, तपासून सही करून दिले पाहिजे. पत्रा दहा वर्षांचा असेल तर आधी पत्रा बदला. नाहीतर पाच वर्षांनी पत्र्यासाठी सगळी पॅनेल उतरवावी लागतील.

समुद्राच्या आसपास सांगाडा हॉट-डिप गॅल्व्हनाइज्ड, जस्ताच्या थराची जाडी ८० मायक्रॉन, नटबोल्ट ३१६ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचे घ्या. ३०४ प्रतीला इथे गंजाचे डाग पडतात. ॲल्युमिनियम आणि लोखंड जिथे टेकतात तिथे रबरी वॉशर घाला, नाहीतर खाऱ्या ओलाव्यात दोन धातूंच्या सांध्यातून ॲल्युमिनियम खाल्ले जाते. गॅल्व्हनाइज्ड पट्टीला जागेवर भोक पाडू देऊ नका. पाडलेच तर झिंक रंग त्याच दिवशी लावा. पॅनेलला क्षारयुक्त हवेच्या चाचणीचे, आयईसी ६१७०१ चे प्रमाणपत्र मागा.

अर्थिंग हा कोकणातला वेगळा विषय. जांभा कोरडा झाला की वीज नीट वाहून नेत नाही. ठेकेदार ऑगस्टमध्ये अर्थिंग मोजून दाखवतो, तेव्हा जमीन ओली असते आणि आकडा चांगला येतो. मेमध्ये मोजा. आकाशातली वीज जमिनीत नेणारा वीजरोधक, पॅनेलची बाजू आणि इन्व्हर्टरनंतरची बाजू यांना तीन वेगळे खड्डे हवेत. नोव्हेंबर ते मे पॅनेलवर लाल धूळ बसते, तेव्हा ती दर पंधरा दिवसांनी सकाळी लवकर गोड्या पाण्याने धुवा. तापलेल्या काचेवर थंड पाणी मारू नका.

कचरा: पातेरा जपून ठेवा

२०१६ च्या घनकचरा नियमांनी दिवसाला १०० किलोच्या वर कचरा करणाऱ्या संस्थेला मोठा कचरा-उत्पादक ठरवले आणि ओला कचरा शक्यतो जागीच जिरवायला सांगितले. ८०० विद्यार्थ्यांचे महाविद्यालय त्या मर्यादेच्या बरेच खाली असते. पण आपली कित्येक महाविद्यालये ग्रामपंचायत हद्दीत आहेत, जिथे घंटागाडी येत नाही. तिथे नियम असो नसो, तुमचा कचरा तुमच्याकडेच राहतो. म्हणून तो पेटवला जातो.

कंपोस्ट पावसाळ्यात फसते. ओला कचरा पाण्याने चिखल होतो, हवा जात नाही, वास येतो, अळ्या होतात, आणि कॅंटीनवाला तक्रार करतो. उपाय फेब्रुवारीपासून करायचा. आंबा, काजू, फणस, साग यांचा पातेरा फेब्रुवारी ते मे पडतो. तो न पेटवता पत्र्याच्या छपराखाली साठवा, जमल्यास श्रेडरमधून काढून. पावसाळ्यात ओल्या कचऱ्याच्या एका बादलीला कोरड्या पातेऱ्याच्या दोन ते तीन बादल्या घाला. टाकी जमिनीवर चिऱ्यांची बांधा, ३ मीटर लांब, १ मीटर रुंद, मीटरभर उंच, चिऱ्यांमध्ये हवेला फटी ठेवून, आणि वर छप्पर. दोन टाक्या आलटून पालटून. मूठभर खत दाबल्यावर बोटांतून पाणी टपकले तर पातेरा वाढवा. नुसत्या आंब्याच्या पानांना सहा महिने लागतात, शेणाचे पाणी शिंपडले तर लवकर होते. सुरूच्या काड्या वेगळ्या ठेवा, त्या फार सावकाश कुजतात.

बायोगॅस कधी घ्यावा? वसतिगृहाची मेस वर्षभर चालत असेल आणि रोज निदान २५ किलो ओला कचरा येत असेल तरच. एवढ्या कचऱ्यातून साधारण दोन घनमीटर गॅस मिळतो, म्हणजे पाऊण ते एक किलो एलपीजीच्या बरोबरीचा. सुरुवात शेणाने करा, कचरा तीन-चार आठवड्यांत हळूहळू वाढवा. पहिल्याच आठवड्यात उरलेला भात बादलीभर ओतला की आतले द्रावण आंबट होते आणि गॅस बंद पडतो. लिंबाच्या साली, कोकमाची आगळ, माशांचे काटे, अंड्याची कवचे आत नकोत. आंबट झालेच तर कचरा थांबवा, शेण घाला आणि सामू सातच्या जवळ येऊ द्या. उन्हाळ्याच्या सुट्टीत रोज थोडे शेण घालायला माणूस ठरवा. तो नसेल तर बायोगॅस नको, कंपोस्टच बरे.

कॅंटीनच्या करारात, नूतनीकरणाच्या वेळी, दोन कलमे घाला: कागदी आणि प्लास्टिकचे कप बंद, स्टीलचे पेले सुरू. पेले धुवायला वेगळा नळ आणि सिंक संस्थेने द्यावे, ते न देता नुसती बंदी घातली तर कप परत येतात. कार्यक्रमांना सुपारीच्या विरीच्या पत्रावळ्या आणि कोकम सरबताचे पिंप ठेवा, बाटल्या आपोआप कमी होतात.

सॅनिटरी पॅडसाठी लहान विजेचे दाहक यंत्र बसवतात. ते पुरेसे तापत नाही, पॅडमधले प्लास्टिक अर्धवट जळते आणि धूर त्याच स्वच्छतागृहात राहतो. झाकणाचा वेगळा डबा, कागदात गुंडाळण्याची सोय आणि नगरपंचायत किंवा तालुक्याच्या व्यवस्थेशी आठवड्याचा करार हे जास्त बरे. पिशवी उचलणाऱ्या मावशींना हातमोजे संस्थेने पुरवावेत.

जुने संगणक खोलीत पडून राहतात ते डेडस्टॉक रजिस्टरमुळे. जुन्या वस्तू रजिस्टरमधून कमी करणारी निर्लेखन समिती बसत नाही, म्हणून वस्तू हलत नाही. दरवर्षी फेब्रुवारीत ती बैठक ठरवून टाका आणि १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांप्रमाणे नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्यालाच माल द्या, पावती घ्या. भंगारवाल्याकडे गेलेली पिक्चर ट्यूब तो फोडतो आणि आतले शिसे मातीत जाते.

सडा रिकामा नसतो

कोकणात वृक्षारोपणाची जागा निवडताना सगळ्यात मोठी चूक होते. आवाराला लागून असलेला कातळसडा उन्हाळ्यात उजाड दिसतो, म्हणून तिथे खड्डे पाडून, बाहेरची माती टाकून रोपे लावली जातात. पावसाळ्यात त्याच सड्यावर दीपकाडी फुलते, जी मुख्यतः कोकणातच आढळते, आणि सीतेची आसवे येतात. शिवाय रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातल्या अशाच सड्यांवर कातळशिल्पे आहेत, ज्यांचे नाव युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहे. वनस्पतिशास्त्र विभागाकडून जुलै ते सप्टेंबर सड्याची नोंद करून घ्या आणि तो तसाच राखा. राखणे हेच तिथले काम.

झाडे लावायची ती इमारतीच्या पश्चिमेला आणि उतारावरच्या मातीत: बकुळ, सुरंगी, उंडी, करंज, किंजळ, कोकम. ऑस्ट्रेलियन बाभूळ नको. रोपांना पहिली दोन वर्षे फेब्रुवारी ते मे पाणी लागते. त्यासाठी दापोलीच्या कृषी विद्यापीठाचे कोकण जलकुंड उत्तम: ४ मीटर लांब, १ मीटर रुंद, १ मीटर खोल खड्डा, आत प्लास्टिकचे अस्तर, पावसात भरून घेतलेले ४,००० लिटर पाणी. वर झावळ्यांचे दाट झाकण घाला, नाहीतर निम्मे पाणी उन्हाने जाईल. जितक्या रोपांना पाणी घालता येईल तितकीच लावा.

एसटी आणि वेळापत्रक

विद्यार्थी एसटीने येतात तोवर वाहतुकीचा प्रश्न अर्धा सुटलेला असतो. शेवटचे लेक्चर बस सुटल्यावर पाच मिनिटांनी संपले की मुले दुचाकी घेतात. जूनमध्ये वेळापत्रक लावण्याआधी आगार व्यवस्थापकांकडून फेऱ्यांच्या वेळा घ्या, गावनिहाय विद्यार्थ्यांची यादी देऊन गरज असेल तिथे फेरी दहा-पंधरा मिनिटांनी हलवायची लेखी मागणी करा. मागणीपत्रासोबत पासधारकांची संख्या जोडा. आगार त्याच आकड्याकडे बघते.

रजिस्टर कोणाकडे

ही कामे बंद पडतात ती बहुधा समन्वयक निवृत्त झाल्यावर किंवा प्राचार्य बदलल्यावर. म्हणून सगळी माहिती माणसाकडे न ठेवता चार वस्तूंत ठेवा. पंपघराच्या भिंतीवर तेलरंगाने काढलेला व्हॉल्व्हचा नकाशा. मीटरच्या साप्ताहिक नोंदींचे जाड पुठ्ठ्याचे रजिस्टर, जे दर सोमवारी शिपाई भरतो आणि महिन्याच्या ५ तारखेला अकाउंटंट बिलाशी ताडून सही करतो. वॉरंटी कार्डे, ठेकेदारांचे करार आणि नेट मीटरिंगची कागदपत्रे असलेली एक फाइल, कार्यालयीन अधीक्षकांच्या कपाटात. आणि वर्षाचे कामांचे पान: जानेवारीत अंदाजपत्रक, फेब्रुवारीत पातेऱ्याची शेड आणि निर्लेखन, मार्च-एप्रिलमध्ये बांधकाम, १५ मेच्या आत पन्हळी, सांगाड्याचे नटबोल्ट आणि अर्थिंगची तपासणी, जूनमध्ये पहिले पाणी सोडणे, नोव्हेंबरमध्ये बंधारा. पदभार देताना या चार वस्तूंची यादी पदभार अहवालात घाला आणि घेणाऱ्याला आवारात फिरवून प्रत्येक व्हॉल्व्ह एकदा त्याच्या हाताने फिरवायला लावा.